कोकण किनाऱ्यावरच्या होमस्टे, रिसॉर्ट आणि बंगलेवाल्यांना खुलं पत्र: पुळणीकडची बाजू 'साफ' करू नका

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन-दिवेआगरपासून खाली पार वेंगुर्ला-शिरोड्यापर्यंत ज्यांचं ज्यांचं घर, होमस्टे, रिसॉर्ट किंवा नुसता घेऊन ठेवलेला प्लॉट समुद्राला लागून आहे त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी किनाऱ्यावरच राहते, रोपं तयार करणं आणि लोकांच्या बागा लावून देणं हेच माझं काम, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कंपाउंडच्या आत जाऊन आलेय आणि तुम्ही बागेवर किती मनापासून खर्च करता तेही बघितलंय. म्हणूनच लिहितेय, कारण ज्याला झाडांची आवडच नाही त्याला सांगून काय उपयोग.

मागणी एकच आहे. तुमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आणि भरतीरेषेच्या मधे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जो पट्टा असतो ना, वेली, काटेरी गवत, केवड्याची जाळी, रुईची झुडपं असलेला, तो साफ करू नका. आणि गडग्याच्या आतल्या बागेत निदान अर्धी झाडं तरी ह्याच किनाऱ्यावरची लावा. बाकी जे लिहितेय ते हे का आणि कसं ह्याबद्दल आहे.

साफ करणं म्हणजे काय होतं ते आधी सांगते. पाहुण्यांना रूममधून सरळ समुद्र दिसायला पाहिजे म्हणून जेसीबी बोलावतात, दोन तासात पट्टा सपाट, वर हॅमॉक आणि टेबलं. त्या दोन तासात सगळ्यात आधी जाते ती मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, वाळूवर लांबच लांब पसरलेली, तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे, फोटो पण काढलेले असतील. ही वेल पेराला पेराला मुळं सोडते, वाऱ्याने वाळू उडून तिच्यावर पडली की ती गाडली जात नाही, वर येते आणि परत पुढे सरकते, आणि तिच्या मागे वाळू साठत साठत टेकाड तयार होतं. मग त्या टेकाडावर ते काटेरी चेंडूसारखी बोंडं येणारं गवत येतं, त्याच्या आडोशाला निगडी येते, त्याच्या मागे केवडा, आणि त्याच्याही मागे उंडी, भेंडी, करंज. पुढच्याने वारा आणि खारे तुषार अंगावर घ्यायचे म्हणजे मागच्याला उभं राहता येतं अशी ही रांग आहे. तुम्ही पहिली ओळ काढली की खारा वारा सरळ तुमच्या सुपारीवर आणि जास्वंदीवर येतो, पानं करपतात, मग माळी म्हणतो खत कमी पडलं. खत कमी पडलेलं नसतं हो, पुढची माणसंच उठवून लावलीत तुम्ही!

वाळूची टेकाडं सीआरझेडच्या, म्हणजे किनारी भागात काय करता येतं ते ठरवणाऱ्या सरकारी नियमात सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या वर्गात येतात, खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागा ज्या वर्गात आहेत त्याच १ए मधे. म्हणजे टेकाड सपाट करणं हा तुमच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. पण मला कायद्याची भीती घालायची नाहीये, मला पाहिजे की तुम्हाला ती वेल हवीशी वाटावी.

कासवांचं बघा. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली, नंतर आंजर्ले आणि बाकी किनाऱ्यांवर ते काम पसरलं, आज तुमच्यातल्या कित्येकांचा फेब्रुवारी-मार्चचा सीझन कासवांच्या पिल्लांवर चालतो. ही पिल्लं रात्री वाळूतून वर आली की जिकडे क्षितिज जास्त उजळ दिसेल तिकडे निघतात. मागे झाडीची काळी भिंत असेल तर समुद्राची बाजू उजळ दिसते आणि ती बरोबर पाण्यात जातात. मागची झाडी काढून तिथे फोकस आणि झगमगत्या एलईडी माळा लावल्या की पिल्लं रिसॉर्टकडे चालायला लागतात, आणि सकाळी कुत्रे, कावळे किंवा ऊन. त्यामुळे केवडा-निगडीची दाट जाळी हा तुमच्या जागेचा व्ह्यू अडवणारा प्रॉब्लेम नाहीये, तुमचा उजेड पुळणीवर जाऊ न देणारा पडदा आहे. व्ह्यू पाहिजे तर जाळीतून एक वाकडी पायवाट काढा, सरळ नको, वाकडी, म्हणजे वारा आणि उजेड दोन्ही सरळ आरपार जात नाहीत. आणि विणीच्या काळात समुद्राकडचे दिवे बंद ठेवा, पाहुण्यांना कारण सांगितलं तर ते आनंदाने टॉर्च पण बंद करतात, हा माझा अनुभव आहे.

आता फुलपाखरं, ज्यासाठी मुळात लिहायला बसले.

खूप जण मला सांगतात की आमच्याकडे बटरफ्लाय गार्डन करून द्या, आणि लिस्ट देतात ती सगळी फुलझाडांची. फुलं पाहिजेतच, त्यात काही वाद नाही, पण फुलावर येतं ते मोठं झालेलं फुलपाखरू, मध प्यायला, आणि ते कुठल्याही फुलावर बसेल. त्याची अळी मात्र तसं करत नाही. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक एक-दोन जातीच्या किंवा एकाच कुळातल्या झाडांची पानं खातात, कारण प्रत्येक झाडाच्या पानात स्वतःला वाचवायला काहीतरी रसायन असतं आणि ते पचवायची सोय त्या त्या फुलपाखराने लाखो वर्षांत करून घेतलेली असते. मादी पानावर पाय आपटून चव घेते आणि झाड ओळखीचं नसेल तर अंडं न घालता निघून जाते. म्हणजे नुसत्या फुलांची बाग ही खानावळ झाली, घर नाही. घर पाहिजे तर अळीचं झाड पाहिजे, आणि ती झाडं नर्सरीच्या शोकेसमधे नसतात, तुम्ही तण म्हणून उपटता त्यात असतात.

रुई आणि घोळ ही जोडी मला सगळ्यात आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते. रुई म्हणजे आपण शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती, वाळूत, रस्त्याकडेला, कुठेही पाण्याशिवाय येते. तिच्यावर प्लेन टायगर अंडी घालतं, ते केशरी, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, लपत नाही, उघड्यावर बसून खाते. रुईचा चीक विषारी आणि चिकट, म्हणून ही अळी बऱ्याचदा आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा पुरवठा तोडते आणि मग पुढचं पान खाते, एकदा निवांत बसून बघा, पाहुण्यांच्या मुलांना दाखवा, मुलं मोबाईल विसरतात. ते विष अळीच्या अंगात राहतं, फुलपाखरात उतरतं, एकदा चव घेतलेला पक्षी परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आता ह्याचा फायदा कोण घेतं, तर डॅनेड एगफ्लाय नावाचं वेगळंच फुलपाखरू, त्याच्या मादीने हुबेहूब प्लेन टायगरचा रंग घेतलाय, अंगात विष नसताना. नर मात्र अगदी वेगळा, काळा आणि त्यावर पांढरे गोल ठिपके. आणि ह्या एगफ्लायची अळी काय खाते? घोळ. हो, आपण भाजी करतो ती घोळ, फरशीच्या फटीत येते ती. म्हणजे एका वाळूच्या कोपऱ्यात रुईचं एक झुडूप आणि खाली घोळीचं गादीसारखं पसरलेलं हिरवं असं नुसतं राहू दिलंत तर हे सगळं नाटक तुमच्या अंगणात चालू राहतं, आणि त्याला ना पाणी लागतं ना खत ना माळी. दर पंधरवड्याला ग्रास कटर फिरला की दोघांचंही घर जातं. एवढा एक कोपरा सोडा, प्लीज.

आता गडग्याच्या आतलं. हेज म्हणून सगळीकडे गोल्डन दुरांता लावलेली दिसते, पिवळीधमक, चौकोनी कापलेली. त्याच्या जागी कोयनेल लावा. कोयनेल खाऱ्या जमिनीत, खाडीकाठी आपोआप येते, फांदी खोचली की जगते, कापून दाट होते, आणि पांढऱ्या फुलांवर संध्याकाळी मोठे पतंग येतात. सावलीची बाजू असेल तर माकडलिंबू. हा आपला रानातला काटेरी लिंबू, वाढायला वेळ घेतो हे खरं आहे, पण तो नीलवंतच्या अळीचं झाड आहे. नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, मखमली काळ्यावर आकाशी निळा, तळहातापेक्षा मोठा, २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं आणि असं राज्य फुलपाखरू जाहीर करणारं आपलं पहिलं राज्य. रिसॉर्टच्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलेलं मी बघितलंय, फार सुंदर होतं, आणि त्याच आवारात लिंबाच्या कुळातलं एक झाड नव्हतं. माकडलिंबू मिळाला नाही तर साधं लिंबू, पपनस लावा, त्यावरही येतो. कढीपत्ता तर असेलच, त्यावर कॉमन मॉर्मन येतं, फक्त अळ्या दिसल्या की फवारू नका, कढीपत्त्याला परत पालवी फुटते. नीलवंतला मधासाठी कृष्णकिरीट, भुतकेस आणि पावसात फुलणारा दिंडा ही झाडं ठेवा, आणि आवारात कुठेतरी एक ओलसर मातीचा तुकडा, नर तिथे बसून मातीतले क्षार शोषतात.

वेलींमधे ईश्वरी, म्हणजे सापसंद. क्रिमसन रोज, ते लाल अंगाचं काळं फुलपाखरू, आणि त्याचं भावंड कॉमन रोज, ह्या दोघांच्या अळ्या ह्या कुळातल्या वेलीच खातात. इथे एक सावधगिरी. ह्याच कुळातली एक दक्षिण अमेरिकेची वेल नर्सरीत मिळते, मोठ्या, तपकिरी ठिपक्यांच्या विचित्र आकाराच्या फुलांची, फुल फार आकर्षक असतं. ऑस्ट्रेलियात तिने रिचमंड बर्डविंग नावाच्या फुलपाखराचं मोठं नुकसान केलं, मादी आपलीच वेल समजून तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात. जवळच्या नात्यातली परदेशी वेल म्हणजे कधी कधी झाड नसण्यापेक्षा वाईट असं होतं. म्हणून ईश्वरी घ्या, ती दिसायला साधी आहे, फुलं बारीक आहेत, तरी तीच घ्या.

टाकळा पावसात उगवतो तो थोडा राहू द्या, त्याच्यावर पिवळी-हिरवट फुलपाखरं वाढतात. बहाव्यावर पण. खाडीच्या बाजूला पिलू असेल तर त्याला हात लावू नका, स्मॉल सॅमन अरब त्यावर जगतं. बोरीवर कॉमन पिएरो. वाघाटीची काटेरी जाळी कंपाउंडला मिळाली तर सोन्याहून पिवळं, पांढऱ्या फुलपाखरांच्या कितीतरी जाती तिच्यावर अंडी घालतात आणि गुरंढोरं पण आत येत नाहीत.

मोठी झाडं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा नारळी-सुपारीची आगरं कशी आडवी झाली ते आपण सगळ्यांनी बघितलं, मग पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागांवर लवकर उंच होईल म्हणून जे मिळेल ते लावलं गेलं, फॉक्सटेल पाम, कोनोकार्पस, परत सुरूचीच झाडं. सुरूबद्दल मला नीट बोलायचंय कारण भावना गुंतलेल्या असतात, गावागावात सुरूचं बन आहे, लहानपण तिथे गेलंय. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या बाजूचा, आपल्याकडच्या किनाऱ्यावर १८६० च्या दशकात कारवारला आणून लावला आणि मग पसरवला. वारा अडवतो हे खरं, त्याच्या शेंड्याला समुद्र गरुड घरटं करतो हेही खरं, म्हणून आहेत ती बनं तोडा असं मी अजिबात म्हणत नाही. पण खाली त्याच्या सुयांचा इतका जाड पातेरा पडतो की दुसरं फारसं काही उगवत नाही, ना मर्यादवेल ना निगडी, आणि भरतीरेषेपर्यंत सुरू लावत गेलं की कासवाला खड्डा करायला मोकळी वाळूच राहत नाही. तेव्हा नवीन लावताना सुरू नको.

उंडी लावा! जाड चकचकीत पानांची, खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी, पांढऱ्या सुवासिक फुलांची. जुन्या लोकांना विचारा, उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्याला असायचं, लाकूड होड्यांना जायचं. फळं वटवाघळं खातात आणि बिया लांबवर टाकतात. बी तशीच पेरली तर रुजायला खूप वेळ घेते, कवच हलकेच फोडून लावली की लवकर येते. करंज तर आणखी सोपा, शेंगा गोळा करा आणि ताज्या बिया पावसाच्या तोंडावर लावा, त्याच्या पालवीवर कॉमन सेरुलियन आणि बँडेड ऑल ही फुलपाखरं वाढतात, आणि सावली इतकी दाट की त्याखाली टेबलं टाकता येतात. भेंडी, म्हणजे पिवळ्या फुलांचं झाड, भाजीची नव्हे, तिची फांदी पावसात रोवली की फुटते. ही झाडं पामसारखी दोन वर्षांत फोटोजेनिक होणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते, पण तुम्ही ते घर दोन वर्षांसाठी बांधलेलं नाही ना.

कोनोकार्पसबद्दल एवढंच, गुजरातने २०२३ मधे त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय, मुळं पाइपलाइन आणि पायाला त्रास देतात, परागकणांची तक्रार आहे, आणि आपल्याकडे नर्सरीवाले अजून ते 'नो मेंटेनन्स' म्हणून विकतायत. वेडेलिया, ती पिवळ्या फुलांची पसरणारी वेल, जगातल्या सगळ्यात वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, तिच्या कापलेल्या फांद्या ओढ्यात किंवा पुळणीवर टाकू नका, जिथे पडेल तिथे रुजते आणि मर्यादवेलीला गिळते.

आणि लॉन. एप्रिल-मेमधे गावात टँकर येतो, बाया हंडे घेऊन उभ्या असतात आणि समोर रिसॉर्टच्या लॉनवर स्प्रिंकलर फिरत असतो, हे बघवत नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या विहिरीतून गोडं पाणी जास्त उपसलं की खालून खारं पाणी आत शिरतं, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही विहिरीत, आणि एकदा शिरलं की पटकन मागे जात नाही. मुलांना खेळायला थोडं लॉन ठेवा, ठीक आहे, पण सगळं आवार लॉन नको. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, ज्यांचे प्लॉट आहेत त्यांनी तर कातळावर बाहेरची माती टाकून हिरवळ करण्याआधी एक पावसाळा थांबा आणि तिथे स्वतःहून काय फुलतं ते बघा, मग ठरवा.

अडचणी मला माहीत आहेत. पाहुणे म्हणतात पानं खाल्लेली दिसतायत, झाडं आजारी आहेत का. डास म्हणून फॉगिंग करायला लागतं. नर्सरीत उंडी मागितली तर मिळत नाही. एकेकाचं उत्तर देते. खाल्लेल्या पानांसाठी एक छोटी पाटी लावा, 'इथे प्लेन टायगरच्या अळ्या जेवतात', तक्रार बंद होते आणि लोक शोधायला लागतात. फॉगिंगचा धूर डास आणि फुलपाखरू असा फरक करत नाही, त्यापेक्षा नारळाच्या करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या ह्यातलं साचलेलं पाणी दर आठवड्याला ओता, टाक्यांना जाळी लावा, डास तिथूनच येतात. आणि रोपांचं म्हणाल तर नर्सरीवाला जे खपतं तेच ठेवतो, मी स्वतः ह्या धंद्यात आहे म्हणून सांगते. तुमच्यातल्या दहा जणांनी एकाच वेळी उंडी, करंज, माकडलिंबू मागितलं तर पुढच्या वर्षी प्रत्येक नर्सरीत रांगेने पिशव्या लागलेल्या दिसतील. तोपर्यंत वनखात्याच्या, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा, दापोलीला कृषी विद्यापीठात विचारा, गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घ्या, त्याला कुठल्या वळणावर कुठलं झाड आहे ते तोंडपाठ असतं. फक्त देवराईतून आणि पुळणीवरून रोपं उपटून आणू नका, बी आणा, फांदी आणा.

जिथे पट्टा आधीच सपाट झालाय त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. मर्यादवेल परत येते. शेजारच्या पट्ट्यातल्या वेलीचे हात-दीड हात लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे घ्या, पहिल्या पावसानंतर वाळूत आडवे पुरा, शेंडा वर ठेवा, आणि त्या जागेवरून माणसं, गाड्या, घोडे, एटीव्ही जाणार नाहीत अशी काठ्यांची आणि दोरीची कड करा. तुडवणं बंद होणं हे लावण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. वेल बसली की मागे निगडी आणि कोयनेलच्या फांद्या, त्याच्या मागे केवड्याचे फुटवे, आणि गडग्यालगत उंडी-भेंडी. पहिलं वर्ष उजाड दिसेल, माळ्याला सांगून ठेवा की ह्या पट्ट्यात कोयता चालवायचा नाही.

तुमच्या तालुक्यातल्या होमस्टेवाल्यांचा व्हॉट्सअप ग्रुप असेलच, तिथे हे पत्र टाका आणि पावसाआधी एक बैठक लावा, ग्रामपंचायतीलाही बोलवा कारण पुळण सगळ्या गावाची आहे. कुणी किती फुटांचा पट्टा सोडणार आणि कोण कुठलं बी गोळा करणार एवढंच त्या दिवशी ठरवा. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात वाळतात, त्या मुलांना गोळा करायला लावा. माझ्याकडे माकडलिंबूची आणि ईश्वरीची थोडी रोपं आहेत, ज्यांना खरंच लावायची आहेत त्यांना देईन, लावायची जागा मात्र आधी येऊन बघेन.

तुमच्याच किनाऱ्यावरची,
एक नर्सरीवाली